जिमीच्या पपईच्या वाट्या

हवालदार,

तुम्ही गेल्यावर जलदानाच्या विधीच्या दिवशी मांडवात मला चार शब्द बोलायला उभं केलं. "कंपौंडरांचा आणि त्यांचा लय घरोबा व्हता," असं गुरुजींनी सांगितलं आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी तुमच्या शिस्तीविषयी बोललो, फौजेतल्या कुत्र्यांच्या पथकात तुम्ही केलेल्या नोकरीविषयी बोललो, पॉलिश केल्याशिवाय तुम्ही बूट घालत नव्हता हेही सांगितलं. जे सांगायला हवं होतं ते सांगितलं नाही. तुमच्या मंडळी, शेवंताआक्का, पुढंच बसल्या होत्या. खाली बसताना मी त्यांच्याकडं बघायचं टाळलं. त्या दिवसापासून मला जेवण गोड लागलेलं नाही, म्हणून हे लिहायला बसलोय.

तुम्ही पहिल्यांदा दवाखान्यात आलात तेव्हा मला तिथं येऊन तीनच महिने झाले होते. मी पाटणकडचा, डोंगरातला. तुमच्या भागातल्या उन्हाची मला सवय नव्हती. इस्लामपूर-शिराळा रस्त्यावरचा दोन खोल्यांचा तो गुरांचा दवाखाना, वर पत्रा, आणि डॉक्टर आठवड्यातून दोनदा येणार. बाकीचे दिवस मीच डॉक्टर, मीच कारकून. तुम्ही दोरीला धरून जिमीला आणलंत. कारखान्यातला कुणी इंजिनिअर बदली झाल्यावर त्याला बंगल्यावर सोडून गेला होता, आणि तुम्ही तो आपल्या घरी आणला होता. अल्सेशियन जातीचा, म्हातारा, अंगावर गोधडीसारखे केस. जीभ हातभर बाहेर आलेली.

"ह्याला ताप न्हाई, मी बघितलाय," तुम्ही म्हणालात. "ह्याला ऊन सोसंना. दोन दिस झालं, भाकरीला तोंड लावलं न्हाई."

मी औषधाचं कपाट उघडायला लागलो, तर तुम्ही मला थांबवलंत. कोपऱ्यातल्या नव्या फ्रिजकडं बोट केलंत.

"त्या कपाटात बर्फ हुतो न्हवं?"

लस थंड ठेवायला तो फ्रिज नुकताच आला होता. वरच्या बर्फाच्या कप्प्यात मी लाद्या करायचो आणि गावोगाव लस टोचायला जाताना त्या थर्मासात घालून न्यायचो. औषधाशिवाय दुसरं काही आत ठेवू नये अशी सूचना दारावर चिकटवलेली होती. ती मी तुम्हाला वाचून दाखवली. तुम्ही ती नीट ऐकून घेतलीत, मान हलवलीत आणि म्हणालात, "बरोबर हाय. पर लशीला हात लावत न्हाई मी. वरच्या कप्प्यात कडंला दोन वाट्या. बास."

मी हो म्हटलं. तुमच्यावर उपकार म्हणून नव्हे. त्या गावात मला बोलायला कुणी नव्हतं, आणि जनावरातलं माझ्यापेक्षा जास्त कळणारा माणूस पहिल्यांदाच समोर आला होता.

दुसऱ्या दिवशी तुम्ही पिकलेली पपई घेऊन आलात. तुमच्या परसातलं ते झाड, पाखरांनी टोचलेली पपई. टोचलेला भाग कापून टाकलात, बिया एकूण एक काढल्यात, साल काढलीत आणि हातानंच गर कुस्करलात. त्यात दोन पळ्या ताक. जर्मन धातूच्या छोट्या वाट्यांत तो गर भरलात, पण काठापर्यंत नाही. गोठताना तो फुगतो, त्याला जागा लागते. वर पळसाचं पान झाकलंत. मी म्हटलं, "थोडा गूळ घाला की, गुळाच्या मुलखात राहता." तुम्ही हसलात. "गूळ न्हाई, साखर न्हाई, मीठ न्हाई. फळात हाय तेवढी गोडी त्याला बास हाय."

संध्याकाळी वाटी बाहेर काढलीत ती लगेच जिमीपुढं ठेवली नाहीत. तळहातांत धरून फिरवलीत, कडा सुटली तसा आतला केशरी गोळा फडक्यात घेतलात आणि दगडानं हलकेच ठेचलात. म्हातारा कुत्रा, दात गेलेले, मोठा तुकडा घशात अडकायचा. मग आणखी थोडं थांबलात. "कडक बर्फ जिभंला चिकटतो," म्हणालात. जिमी धापत होता. धाप बसेपर्यंत त्याला काही दिलं नाहीत, सावलीत पायांवर पाणी मारत बसलात. मग एक-एक तुकडा तळहातावर ठेवून पुढं केलात. त्यानं आधी हुंगला, मग चाटला. तीन दिवस उपाशी असलेला तो कुत्रा डोळे मिटून खाताना मी बघितला आणि मला आमच्या अभ्यासक्रमात हे कुणी का शिकवलं नाही असं वाटलं.

त्या उन्हाळ्यात मी तुमच्याकडून सगळं शिकलो. कलिंगडाच्या बिया बोटांनी चाचपून काढायच्या, नजरेवर विसंबायचं नाही. केळं कुस्करून त्यात पाणी जास्त घालायचं, नाहीतर तो गोळा रबरासारखा होतो. चिकू फार द्यायचा नाही. आंब्याचा रस द्यायचा, पण कोय कुत्र्याच्या आसपासही ठेवायची नाही. एकदा मी तासगावहून द्राक्षं आणली, तेव्हा ती नवलाईची होती. तुम्ही ती बाजूला सारलीत. फौजेत एका कुत्र्यानं अख्खा घड खाल्ला होता आणि तो मग उठला नाही, असं सांगितलंत. "कशानं ते डॉक्टरला बी कळलं न्हाई. पर मी त्या दिसापासनं देत न्हाई." त्या द्राक्षांचा घड आपण दोघांनी पायरीवर बसून संपवला.

एकदा मी वाटीतला उरलेला पपईचा गोळा स्वतःच तोंडात टाकला. तुम्ही गंभीर चेहरा करून म्हणालात, "कंपौंडर, दुसऱ्याचं रेशन खाणं गुन्हा हाय." मग आपण दोघंही हसलो.

वाटीतलं मी खाल्लं, पण तुमच्या घरी मात्र कधी पाणी प्यालो नाही, हवालदार. शेवंताआक्का तांब्या घेऊन यायच्या आणि मी म्हणायचो, आत्ताच चहा झाला. दर वेळी तेच. तुम्ही एकदाही आग्रह केला नाहीत. तुम्हाला कळत होतं आणि तुम्हाला कळतंय हे मलाही कळत होतं.

आपला एक वाद राहून गेला. दुष्काळाचं वर्ष नुकतंच सरलं होतं. कुठल्या तरी गावात बायका दोन-दोन मैलांवरून पाणी आणताना बघून मी आलो होतो, आणि तुम्ही तिथं शांतपणे कलिंगडाच्या बिया काढत बसला होता. मी चिडून म्हटलं, "माणसांना प्यायला पाणी नाही, आणि कुत्र्याला गार फळं पाहिजेत. त्याला कशाला पाहिजेत?"

तुम्ही हात थांबवला नाहीत. "ही बाजार उठल्यावर टाकून दिलेली फळं हायती," म्हणालात. "आन् 'ह्याला कशाला पाहिजे' हे मी लहानपणापासनं ऐकतोय. शाळेत घातलं तवा माझ्या बापाला गाव हेच इचारत व्हतं."

मी खाली बसून तुमच्याबरोबर बिया काढायला लागलो. त्यानंतर चार वर्षं गेली, तुमचं ते बोलणं अजून माझ्या मनात आहे.

आता त्या ज्येष्ठातलं सांगतो. तुम्हाला ठाऊक आहे, पण सगळं ठाऊक नाही.

दवाखान्यातला परिचर म्हातारा होऊन घरी बसला होता आणि त्याची जागा रिकामी होती. माजी सैनिकाला आधी घ्यायचं होतं. डॉक्टरांनी स्वतः तुम्हाला अर्ज करायला सांगितला. तुमच्या फौजेच्या नोकरीचा दाखला तेवढा राहिला होता आणि तुमचे कागद साताऱ्याच्या कचेरीत होते. शुक्रवारी तुम्ही पपईच्या चार वाट्या आणून ठेवल्यात. "मी साताऱ्याला जातोय. सोमवारी संध्याकाळी येतो. शेवंता येऊन वाट्या नेईल," म्हणालात. इतके खुशीत मी तुम्हाला कधी बघितलं नव्हतं. जिमीच्या पाठीवर थोपटून म्हणालात, "आता आपली ड्युटी एका जागी."

शनिवारी दुपारी कप्प्यात बर्फाचा थर फार साचला म्हणून मी फ्रिजचं बटण बंद केलं. तुमच्या वाट्या खालच्या फळीवर ठेवल्या, दार उघडं ठेवलं आणि खाली फडकं पसरलं. तेवढ्यात पाटणहून निरोप आला, की बायकोला कळा सुरू झाल्यात आणि बाळ आडवं आहे. मी दवाखान्याला कुलूप लावलं आणि मिळेल त्या गाडीनं निघालो. बटण बंदच राहिलं. एरवी बाहेर जाताना मी चावी चहाच्या टपरीवर ठेवायचो, त्या दिवशी ती माझ्या खिशात पाटणला गेली.

मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या. मंगळवारी सकाळी मी परत आलो आणि दार उघडल्याबरोबर मला वास आला. फ्रिज खोलीइतकाच गरम झाला होता. पावसाळ्याआधी टोचायची घटसर्पाची सगळी लस त्यात होती. तिच्या बाटल्या हातात घेतल्या तर कोमट लागल्या. तुमच्या वाट्यांतली पपई आंबली होती आणि तिच्यावर मुंग्यांची रांग लागली होती.

मी फ्रिजचं दार लावलं आणि बटण चालू केलं. माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. सांगलीचे साहेब त्याच दिवशी लसीचा साठा तपासायला येणार हे मला ठाऊक होतं. ते यायला तीन तास होते.

हवालदार, त्या तीन तासांत मी फरशी पुसली. फडकं धुतलं. रजिस्टर लिहिलं. वाट्या बाहेर काढून धुवायला मला भरपूर वेळ होता. मी त्या काढल्या नाहीत. दोनदा हात पुढं केला आणि मागं घेतला. साहेब फ्रिज उघडतील, त्यांना वाट्या दिसतील, ते विचारतील, आणि मग मला फार बोलावं लागणार नाही, हे मी मनात ठरवलं होतं. ही गोष्ट मी तुम्हाला कधी सांगितली नाही.

ठरवलं तसंच झालं. साहेबांनी विचारलं, "हे काय?" मी म्हणालो, "इथले एक माजी सैनिक आहेत, त्यांच्या कुत्र्याचं खाणं. मी नसताना ते टपरीवरून चावी घेऊन फ्रिज उघडतात. कितीदा सांगितलं. आज येऊन बघितलं तर बटण बंद, लस वाया गेलेली." तुमचा वाडा कोणता, म्हणजे जात कोणती, हेही साहेबांनी विचारलं. मी सांगितलं. तुमचं नाव घेतलं की पुढं कुणी फार चौकशी करणार नाही, हे मला ते नाव घेतानाच माहीत होतं. तुम्ही माझे कितीही जवळचे असलात तरी मी ते वापरलं.

साहेबांनी तुम्हाला बोलावणं पाठवलं. तुम्हाला वाटलं, जागेसाठीच बोलावलंय. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून आलात. खिशात साताऱ्याहून आणलेल्या दाखल्याची घडी दिसत होती. टाचा जुळवून उभे राहिलात.

"ह्या वाट्या तुमच्या?"

"व्हय साहेब."

"फ्रिजचं बटण तुम्ही बंद केलंत?"

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मी रजिस्टरात बघत होतो. टपरीवर मुलगी झाल्याची बातमी तुम्हाला कळली असणार. मग तुम्ही म्हणालात, "झालं असंल साहेब. चूक झाली."

तुम्ही त्या तीन दिवसांत साताऱ्यात होता. दाखल्यावर कचेरीचा शिक्का होता, खाली तारीख होती. तो कागद खिशातून काढून टेबलावर ठेवला असता तरी पुरे होतं. तुम्ही तो काढला नाहीत. साहेब म्हणाले, अशा बेजबाबदार माणसाला इथं घेता येणार नाही, आणि तसा शेरा लिहिला. तुम्ही सलाम केलात, चारही वाट्या उचलल्यात आणि गेलात.

आठवड्यानं ओढ्याच्या वाटेवर आपली गाठ पडली. मी विचारलं, "तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुमची नोकरी कच्ची. लेकरू चार दिसांचं," तुम्ही म्हणालात. थोडं पुढं गेलात आणि परत वळलात. "पर कंपौंडर, मला वाटलं व्हतं तुमी बोलाल."

मी तेव्हाही बोललो नाही. लस पुण्याहून दुसरी आली, ती वेळेवर टोचली गेली, गावातलं एकही जनावर दगावलं नाही. त्यामुळं ती गोष्ट सगळे विसरले. मी कायम झालो. परिचर म्हणून दुसरा माणूस आला. तुम्हाला इस्लामपूरकडं एका कारखान्याच्या गेटावर वॉचमनचं काम मिळालं. आठवड्यातून एकदा घरी यायचं, बाकीचे दिवस तिथंच. जिमी शेवंताआक्कांजवळ राहिला.

पुढच्या चैत्रात आक्का भर दुपारी दवाखान्याच्या दारात आल्या. हातात एक वाटी होती, वर पळसाचं पान. पायरीच्या खालीच उभ्या राहिल्या.

"कंपौंडर, जिमी काय खाईना झालाय. तुमी घडीभर आत ठिवता का? कलिंगड हाय. बिया काढल्यात्या समद्या."

नवा परिचर आत बसला होता. मी आतल्या फ्रिजवरच्या सूचनेकडं बोट केलं. "आता सक्त मनाई आहे आक्का. मागं काय झालं ते माहीत आहे ना तुम्हाला?"

त्यांनी त्या कागदाकडं बघितलं, त्यांना वाचता येत नाही. मग माझ्याकडं बघितलं. वाटी पदराखाली धरून उन्हातून परत गेल्या. आतला कप्पा त्या दिवशी अर्धा रिकामा होता. मी स्वतः घरून पपई आणून, कुस्करून, एक वाटी ठेवू शकलो असतो. कशी करायची ते तुम्ही मला शिकवलं होतं. मी एकदाही केली नाही. जिमीला बघितलं की मला ते सगळं आठवेल, म्हणून त्या वाटेनं जायचंही मी बंद केलं होतं.

चौथ्या दिवशी जिमी गेला. तुम्हाला निरोप पोचून तुम्ही येईपर्यंत आक्कांनी त्याच्यावर ओलं पोतं घालून ठेवलं होतं. तुम्ही त्याला ओढ्याकाठी पुरलंत, असं मला टपरीवर कळलं. मी आलो नाही.

मग गेल्या दिवाळीत इस्लामपूरच्या एस.टी. स्टँडवर तुम्ही दिसलात. खाकी कपडे, खांदे जरा उतरलेले. मला वाटलं तोंड फिरवाल. तुम्ही समोर आलात आणि विचारलंत, "पोरगी केवढी झाली?"

"तीन वर्षांची."

"कुत्र्याला भिते का?"

"नाही. धावतच जाते त्यांच्याकडं."

"असू द्या. पर मागनं हात लावू देऊ नका. म्होरनं जायचं, आधी हुंगू द्यायचं." एवढं सांगून तुम्ही हसलात. मी म्हटलं, "हवालदार, मला तुमच्याशी जरा बोलायचं होतं." तुमची गाडी लागली होती. "बोलू की निवांत," तुम्ही म्हणालात आणि चढलात. मला त्या गाडीत चढता आलं असतं. तिकीट काढून तुमच्या शेजारी बसता आलं असतं. मी स्टँडवर उभा राहिलो आणि गाडी गेल्यावर मला हायसं वाटलं, हेही आज कबूल करतो.

महिन्यापूर्वी तुम्ही गेटावरच कोसळलात आणि आपलं बोलणं राहिलं.

जलदानाच्या दुसऱ्या दिवशी मी तुमच्या घरी गेलो. आक्का ओट्यावर बसल्या होत्या. मी त्यांच्यापुढं खाली बसलो आणि सगळं सांगितलं. बटण, चावी, साहेबांना जे बोललो ते.

"ते साताऱ्याला व्हते हे मला ठावं न्हाई व्हय?" आक्का म्हणाल्या. "मी ऐतवारी वाट्या न्यायला आले, तर तुमच्या दाराला कुलूप. मी त्यांना म्हनलं, जाऊन सांगा सायबाला. तर म्हनाले, गप ऱ्हा. भ्यालाय तो. आपनहून येईल."

आपणहून येईल असं तुम्ही म्हणाला होता, हवालदार. चार वर्षं तुम्ही ते धरून होता की सोडून दिलं होतं, हे आता मी कुणाला विचारू?

मग मी वाट्यांचं सांगितलं. तीन तास होते आणि मी त्या मुद्दाम आत ठेवल्या, हे ऐकल्यावर आक्कांचा चेहरा बदलला. तेवढं त्यांना माहीत नव्हतं आणि तुम्हालाही नव्हतं. मी हात जोडले.

"माझ्याम्होरं हात जोडून काय हुनार?" आक्का म्हणाल्या. त्या मला नेहमी अहो-जाहो करायच्या. त्या दिवशी पहिल्यांदा अरे-तुरेवर आल्या. "मी शेरा लिवला व्हता व्हय? ज्या सायबाला खोटं सांगितलंस, त्येला खरं सांग. मानूस गेलं, पर कागदावर तो डाग तसाच हाय न्हवं? त्यो पुसून आन. मग ये."

त्यांनी पाणी विचारलं नाही. मी मागायला हवं होतं, पण मागायचं तोंड नव्हतं.

मी अर्ज लिहिला. काय झालं ते सगळं, वाट्यांसकट. साहेब तेच आहेत अजून. काल उत्तर आलं. सोमवारी अकरा वाजता सांगलीच्या कचेरीत हजर राहावं, जबाब घेतला जाईल. माझं काय करतील ठाऊक नाही. घरी सांगितलं, तर बायको रडली आणि मग म्हणाली, जाऊन या. मला भीती वाटते आहे, हवालदार. तुम्हाला सांगायला हरकत नाही, तुम्ही ती आधीच ओळखली होती.

आज सकाळी ते पत्र घेऊन आक्कांकडं गेलो. वाचून दाखवलं. त्यांनी पत्रावरचा शिक्का बोटानं चाचपला आणि गाडी किती वाजता आहे ते विचारलं.

"सातला आहे," मी म्हटलं. "पण तुम्ही कशाला त्रास घेता?"

"मी येनार," आक्का म्हणाल्या. "तिथं गेल्यावर तू काय बोलतोस ते मला माझ्या कानानं ऐकायचंय."